घरच्या घरी मिसिंग शोधणे आणि स्पार्क प्लग बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या दुचाकी-चारचाकींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग) कोणत्या क्रमांकाचा, त्याचा गॅप (ठिणगी उडते ती फट) आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) यांबाबत तुमच्या गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत वेगळे काही लिहिले असेल, तर पुस्तिकेचेच ऐकायचे.

१. मिसिंग म्हणजे नेमके काय? गाडीने झटका दिला की ते मिसिंगच का?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा आली, पण ती पेटलीच नाही किंवा अर्धवट पेटली, तर त्या फेरीला इंजिनाला धक्का मिळत नाही. हेच मिसिंग. एका सिलिंडरच्या बाइकमध्ये गाडी गचके खाते, सायलेन्सरचा एकसुरी आवाज मधेच तुटतो आणि न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरमध्ये फटका वाजतो. तीन किंवा चार सिलिंडरच्या कारमध्ये गाडी चालत राहते, पण सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरतात, चढावर पिकअप मिळत नाही, ॲव्हरेज पडते.

सगळे झटके मात्र मिसिंगचे नसतात. क्लच सोडताना येणारा झटका क्लचचा किंवा इंजिन माउंटिंगचा असतो. चेन सैल असेल तर थ्रॉटल सोडताना-पकडताना खाडखाड होते. न्यूट्रलमध्ये गाडी उभी करून इंजिन साधारण २,००० आरपीएमवर धरा. आवाज तुटत असेल तर दोष इंजिनात आहे. आवाज एकसारखा असेल आणि झटके फक्त चालवताना येत असतील, तर चेन-क्लचकडे बघाच. पण फक्त लोडवर होणारे मिसिंगही असू शकते, त्यासाठी प्रश्न २ पाहा.

२. दोष प्लगचाच आहे हे बदलायच्या आधी कसे ओळखायचे?

मिसिंग कधी होते, यावरून अर्धे उत्तर मिळते.

फक्त लोडवर, म्हणजे चढावर, डबलसीट, टॉप गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर होत असेल तर संशय इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर: झिजून गॅप वाढलेला प्लग, चिरलेली प्लग कॅप, कमजोर कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग). सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते, आणि जिथे इन्सुलेशन कच्चे आहे तिथून वीज पळवाट काढते.

उलट, आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) थरथर आणि थ्रॉटल दिल्यावर सगळे ठीक, असे असेल तर हवेची गळती (फाटलेला व्हॅक्यूम पाइप, सैल इनटेक रबर) किंवा घाण झालेली थ्रॉटल बॉडी आधी बघा. सकाळी थंड असताना मिसिंग आणि गरम झाल्यावर बरे, तर काजळलेला प्लग किंवा घट्ट बसलेले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग). गरम झाल्यावरच सुरू होणारे मिसिंग आणि दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर पुन्हा ठीक, हे कॉइल आतून तुटत असल्याचे ठरावीक लक्षण. वेगात असताना हळूहळू जीव जातो आणि थ्रॉटल सोडल्यावर परत येतो, तेव्हा बहुधा पेट्रोल कमी पडत असते: फिल्टर, पंप किंवा टाकीच्या झाकणाचा चोंदलेला श्वासमार्ग.

ही खूणगाठ बांधल्यावरच प्लग बाहेर काढा. प्लग हा संशयित तर आहेच, पण सिलिंडरच्या आत काय चालले आहे याचा एकमेव साक्षीदारही तोच आहे. न बघता फेकलेला जुना प्लग म्हणजे हातातला पुरावा गमावणे.

३. माझी गाडी डिझेल आहे. तिचे प्लग कधी बदलायचे?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेट घेते. त्यात असतो तो ग्लो प्लग, थंड इंजिन सुरू करताना आतली जागा तापवणारा. डिझेल गाडीचे झटके इंजेक्टर, फिल्टर किंवा ईजीआरशी (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) जोडलेले असतात; या पानाचा त्यांना उपयोग नाही.

४. प्लग किती किलोमीटरला बदलायचा?

दुचाकीतला साधा निकेलचा प्लग साधारण १२,००० किमीच्या आसपास. कारमधला साधा प्लग २०,००० ते ४०,००० किमी, आणि प्लॅटिनम किंवा इरिडियम ८०,००० ते १,००,००० किमीपर्यंत जातो. सीएनजीवर हेच आकडे बरेच खाली येतात (प्रश्न १६).

किलोमीटरपेक्षा कडा बघा. नव्या प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात आणि ठिणगी धारेवरून सहज उडते. ३,००० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचा प्लग मिनिटाला निदान १,५०० वेळा पेटतो. प्रत्येक ठिणगीसोबत धातूचा कण जातो, कडा गोल होतात, गॅप वाढतो आणि कॉइलवर ताण येतो. म्हणून प्लग अगदी मरेपर्यंत वाट बघणे महागात पडते: शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी कॉइल जाते.

५. दुकानदार म्हणतो “सगळे सारखेच असतात.” प्लगवरचा नंबर कसा वाचायचा?

सारखे मुळीच नसतात. एनजीकेचा सीपीआर८ईए-९ हा आपल्याकडच्या अनेक बाइकमध्ये दिसणारा क्रमांक घ्या. पहिले ‘सी’ म्हणजे १० मिमी व्यासाचे आटे (‘डी’ १२ मिमी, ‘बी’ १४ मिमी). ‘पी’ म्हणजे पुढे आलेले टोक. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे. ‘८’ ही हीट रेंज, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर सोडून देतो ते. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. तिथे ‘एच’ असेल तर १२.७ मिमी. शेवटचा ‘९’ म्हणजे ०.९ मिमी गॅप. ‘११’ असेल तर १.१ मिमी.

यातली लांबी चुकली तर सर्वांत मोठे नुकसान. १२.७ मिमीच्या जागी १९ मिमीचा प्लग बसवला तर टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला आपटू शकते. उलटे केले तर हेडमधले (सिलिंडरच्या वरच्या झाकणातले) रिकामे आटे काजळीने भरतात आणि पुढे योग्य प्लग बसेनासा होतो.

हीट रेंजबाबत एक सापळा आहे. एनजीकेमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड. बॉशमध्ये आकडा मोठा तर प्लग गरम. कंपनी बदलताना आकडा जुळवायचा नाही, त्या कंपनीच्या तक्त्यात आपली गाडी शोधायची. ‘आर’ नसलेला प्लगही इंजेक्शनच्या गाडीत घालू नका. ठिणगीचा विद्युत गोंगाट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या संगणकापर्यंत जातो.

६. कोणती हत्यारे लागतात?

बाइकसाठी प्लग पाना (१० मिमी आट्यांच्या बहुतेक प्लगना १६ मिमीचा), फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), जुना टूथब्रश आणि सायकलचा पंप. कारसाठी आत रबर किंवा चुंबक असलेले प्लग सॉकेट (बहुधा १६ मिमी, काही नव्या गाड्यांत १४ मिमी), १५ ते २५ सेंमीचे एक्स्टेन्शन, रॅचेट, कॉइलच्या बोल्टसाठी १० मिमीचा सॉकेट, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज वाहू न देणारे). टॉर्क पाना असेल तर उत्तम, नसेल तर प्रश्न १० पाहा. शिवाय वीतभर जुना पेट्रोल पाइप लागतो. त्याचे काम पुढे येईल.

७. बाइक किंवा स्कूटरचा प्लग कसा बदलायचा?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, निदान तासभर. हेड ॲल्युमिनियमचे असते. गरम असताना प्लग ओढला तर त्याच्यासोबत आटे निघू शकतात.

बाइकमध्ये प्लग समोर किंवा बाजूला दिसतो. स्कूटरमध्ये तो सीटच्या पुढच्या खालच्या भागात, छोट्या झाकणामागे असतो. प्लग कॅप सरळ ओढून काढा, वायरला धरून नव्हे. अडली तर थोडी डावी-उजवीकडे फिरवा. आता पंपाने प्लगच्या मुळाशी हवा मारा. बाइकचा प्लग समोरच्या चाकाच्या चिखलात असतो, तिथे वाळू साचते. प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते आणि लायनरला ओरखडे काढते. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

पाना पूर्ण बसला आहे ना बघून डावीकडे फिरवा. सुरुवातीच्या कडक झटक्यानंतर प्लग हाताने निघायला हवा. निघत नसेल तर थांबा आणि प्रश्न १७ वाचा.

नव्या प्लगचा गॅप तपासा (प्रश्न ९). पेट्रोल पाइपचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवा आणि त्या पाइपने प्लग आट्यांत फिरवा. आटे वाकडे चढू लागले तर पाइप प्लगवर घसरतो, जबरदस्ती होतच नाही. पाना हातात असता तर तेवढ्यात आटे गेले असते. टेकेपर्यंत असाच फिरवा, मग पाना लावा. कॅप ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. प्लगच्या डोक्यावर काढता येणारी टोपी असते. कॅपला आतून आट्यांचे टोक लागत असेल तर ती काढायची असते. जुन्यावर होती का ते आधी बघून ठेवा.

८. कारमध्ये काय वेगळे?

कॉइल थेट प्लगवर बसलेली असेल तर चावी बंद करून कनेक्टरची खिट्टी दाबा, १० मिमीचा बोल्ट काढा आणि कॉइल हलकेच फिरवत वर ओढा. जुन्या गाड्यांत एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंत उच्च व्होल्टेज नेणाऱ्या) असतात. कोणती वायर कुठली, हे काढण्याआधी चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

एका वेळी एकच प्लग बदला. सगळे प्लग काढून ओळीने ठेवले आणि कुणाचा धक्का लागला, की कुठला कोणत्या सिलिंडरचा हे कळत नाही आणि निदान तिथेच संपते. अंड्याच्या रिकाम्या ट्रेमध्ये १-२-३-४ लिहून ठेवणे चांगले.

प्लगच्या विहिरीत डोकावून बघा. तळाशी तेल दिसले तर व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधले रिंग सील गेले आहेत. ते तेल कॉइलचे रबर फुगवते आणि ठिणगी बाहेरून उतरते. आधी फडक्याने ते टिपून घ्या, मग प्लग सोडवा. नुसता प्लग बदलून हे मिसिंग परत येणार.

नवा प्लग विहिरीत वरून टाकू नका. सॉकेटमध्ये किंवा पाइपवर धरून उतरवा, कारण पडला की गॅप मिटतो किंवा चिनीमातीला तडा जातो. कॉइलच्या रबराला आतून वाटाण्याएवढे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले की पुढच्या वेळी ते फाटत नाही.

९. नवा प्लग आणला, तरी गॅप का तपासायचा? आणि कसा लावायचा?

कारण खोके दुकानापर्यंत येताना आपटते. फिलर गेजची योग्य पाती दोन इलेक्ट्रोडच्या मधून हलकी घासत जायला हवी. सैल सरकली तर गॅप जास्त, अडली तर कमी. वाकवायचा तो फक्त बाहेरचा, एल आकाराचा इलेक्ट्रोड. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन उचकटले तर भोवतालची चिनीमाती फुटते. गॅप कमी करायचा असेल तर लाकडावर बाहेरचा इलेक्ट्रोड हलकेच टेकवून ठोका.

गॅप गरजेपेक्षा कमी असेल तर ठिणगी इवलीशी पडते आणि आयडलला मिसिंग येते. जास्त असेल तर लोडवर येते. इरिडियमचे मधले टोक केवळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. त्याला पातीचा दाब लागू देऊ नका. दोन-तीन बाहेरचे इलेक्ट्रोड असलेल्या प्लगचा गॅप घरी बदलायचा नसतो. टर्बो पेट्रोल गाड्यांत गॅप मुळातच कमी, बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असतो, तिथे १.१ मिमीचा प्लग घातला तर पहिल्याच चढावर मिसिंग येईल.

१०. टॉर्क पाना नाही. किती घट्ट करू?

वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. या अर्ध्या फेऱ्यात पोकळ वॉशर दबतो आणि गॅस बंद होतो. जुनाच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा टेकल्यावर ३० अंश पुरे. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला तर फक्त १/१६ फेरा.

टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या प्लगसाठी: १० मिमी आटे १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ मिमी १५ ते २०, १४ मिमी २५ ते ३०.

सैल प्लगही तितकाच वाईट. प्लगमधली उष्णता मुख्यतः आटे आणि बैठकीतूनच हेडमध्ये जाते. प्लग सैल राहिला तर तो तापतच जातो आणि टोक वितळू शकते. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावायची सवय सोडा. आजच्या प्लगना कारखान्यातच लेप असतो. ग्रीस लावले की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

११. जुन्या प्लगच्या रंगावरून काय कळते?

खूप काही, पण एक अट आहे: गाडी दहा-पंधरा मिनिटे नेहमीसारखी चालवून, आयडलवर न रेंगाळू देता बंद केलेली हवी. चोक लावून अंगणात सुरू केलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार.

फिकट तपकिरी किंवा करडा, कोरडा: इंजिन ठीक आहे. कडा गोल झाल्या असतील तर फक्त वय झाले.

कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी: पेट्रोल जास्त किंवा प्लग पुरेसा तापत नाही. एअर फिल्टर चोंदला आहे का, कार्बोरेटरचा चोक पूर्ण परत येतो का, इंजेक्टर गळतो का, ते बघा. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळते. दूध आणायला आणि मुलांना क्लासला सोडायला दीड-दोन किलोमीटर फिरणारी स्कूटर तिथवर पोचतच नाही. अशा गाडीत काहीच बिघडलेले नसते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवली की प्लग उजळतो.

ओला, चकचकीत काळा: इंजिन ऑइल आत येते आहे किंवा प्लग पेट्रोलने भिजला आहे. वासाने ओळखा, पेट्रोलचा वास आला तर प्लग पेटलाच नाही म्हणून पेट्रोलने भिजला, तेलकट जळका वास आला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. रात्रभर उभ्या गाडीतून सुरू करताना निळा धूर निघून बंद होत असेल तर सील. रेस करताना सतत येत असेल तर रिंग.

पांढराफटक, टोकावर फोड किंवा वितळलेले बारीक मणी: प्लग अतिशय तापतो आहे. हवेची गळती, चुकीची हीट रेंज, सैल प्लग किंवा चुकलेले टायमिंग. अशी गाडी तशीच चालवू नका, पुढचा नंबर पिस्टनचा असतो.

षटकोनाच्या वर पांढऱ्या चिनीमातीवर तपकिरी वलय दिसले की अनेक जण घाबरतात आणि गॅस लीक समजतात. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, बस. दोष नाही. मात्र चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल, तर ठिणगी बाहेरून उतरते आहे. तो प्लग फेका आणि त्याच्यासोबतचे कॅप किंवा कॉइलचे रबरही बदला, कारण तशीच रेघ रबराच्या आतही उमटलेली असते आणि ती नवा प्लग खराब करते.

१२. प्लग पॉलिश पेपरने घासून परत लावला तर?

रस्त्यात अडकला असाल तर जरूर करा. घरी यायची सोय होते. पेट्रोलमध्ये टूथब्रश बुडवून काजळी काढा, पूर्ण वाळवा, गॅप लावा. तारेचा ब्रश चिनीमातीवर फिरवू नका. धातूच्या रेषा उमटतात आणि वीज त्यावरून पळते. वाळूच्या मशीनवर साफ केलेल्या प्लगच्या खोबणीत कण अडकून राहतात, ते सिलिंडरमध्ये पडतात. इरिडियम-प्लॅटिनमवर पॉलिश पेपर फिरवला तर तो पातळ मौल्यवान थरच निघून जातो.

१३. इरिडियम प्लगने ॲव्हरेज आणि पिकअप वाढतो का?

धडधाकट इंजिनात नव्या साध्या प्लगच्या तुलनेत जाणवेल एवढा फरक पडत नाही. फरक वाटतो तो झिजलेला जुना प्लग निघाल्यामुळे. इरिडियमचा खरा फायदा आयुष्याचा. कारमध्ये प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागत असेल तर इरिडियमच घ्या. दहा मिनिटांत प्लग निघणाऱ्या बाइकला साधा प्लग वेळेवर बदलणे स्वस्त आणि पुरेसे. कंपनीनेच इरिडियम दिला असेल तर मात्र खाली उतरू नका.

१४. स्कॅनरवर पी०३०२ हा बिघाडाचा कोड आला. म्हणजे दुसऱ्या नंबरचा प्लग गेला का?

दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग होते आहे, एवढेच त्याचा अर्थ सांगतो. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), काहीही असू शकते. पी०३०० म्हणजे एकाहून अधिक किंवा अनिश्चित सिलिंडर. तिथे हवा-पेट्रोलचा सर्वांना समान असलेला दोष आधी शोधा.

एक पैसा खर्च न करता पुढे जायची रीत अशी. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०२ कायम राहिला तर याच रीतीने प्लगची अदलाबदल करा. तरीही कोड हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन्ही एकदम हलवले की उत्तर मिळत नाही.

चालू इंजिनाची कॉइल किंवा प्लग वायर उपसून “कोणता सिलिंडर मेला” बघण्याची जुनी पद्धत इंजेक्शनच्या गाडीत करू नका. २०,००० ते ३०,००० व्होल्टचा झटका बसतो, कॉइल जळू शकते. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर एकेक काढा: आयडल खाली पडला तर तो सिलिंडर जिवंत, फरक पडला नाही तर तोच मेलेला.

१५. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आहे. घरापर्यंत चालवू का?

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत मोठा फरक आहे. लुकलुकणे म्हणजे मिसिंग इतके आहे की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळते आहे. तो तापून आतली जाळी वितळते आणि त्याची किंमत प्लगच्या कित्येक पट असते. थ्रॉटल सोडा, सावकाश कडेला घ्या. थ्रॉटल कमी केल्यावर लुकलुक थांबली तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल; घाट चढू नका. थांबत नसेल तर टोइंग बोलवा.

१६. पेट्रोलवर गाडी मऊ चालते, सीएनजीवर बदलली की झटके. किट खराब आहे का?

किटला दोष देण्याआधी प्लग बघा. सीएनजी-हवेचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे पेट्रोलवर लपून राहिलेला झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल सीएनजीवर उघडी पडते. पुण्या-मुंबईत दिवसभर सीएनजीवर धावणाऱ्या गाड्यांत प्लग लवकर झिजतात ते याच कारणाने.

बाहेरून किट बसवलेल्या गाडीत गॅप पेट्रोलच्या आकड्यापेक्षा साधारण ०.१ ते ०.२ मिमी कमी ठेवतात. कंपनी फिटेड सीएनजीत असे स्वतः ठरवू नका, पुस्तिकेतला क्रमांक आणि गॅपच ठेवा. एअर फिल्टरही बघा. चोंदलेला फिल्टर सीएनजीवर जास्त जाणवतो. प्लग-कॉइल नवे असूनही झटके असतील तर रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस फिल्टर आणि ट्यूनिंग. गॅसच्या हाय प्रेशर पाइपला घरी हात लावायचा नाही.

१७. प्लग निघतच नाही, किंवा निघताना आटे घेऊन आला. आता?

अडला तर जोर वाढवू नका. मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पाव फेरा सोडवा, पुन्हा आवळा, पुन्हा सोडवा. असे मागे-पुढे करत काढा. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने प्लगचा षटकोन गंजून पाना घसरतो, तिथे बारा कोनी पाना टाळून सहा कोनी सॉकेट वापरा.

आट्यांवर ॲल्युमिनियमचे चकाकते वेटोळे आले असेल तर हेडचे आटे गेले. टेफ्लॉन टेप, एम-सील, जाड वॉशर यांपैकी काहीही चालत नाही. दाबाने प्लग उडू शकतो. लेथवाल्याकडे किंवा चांगल्या गॅरेजमध्ये हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेचे वेटोळे) किंवा स्लीव्ह बसवून घ्या. शक्यतो हेड उतरवूनच, म्हणजे धातूचा कीस आत पडत नाही.

१८. पाऊस पडला की मिसिंग, ऊन पडले की ठीक. असे का?

पाणी साचून किंवा ओल धरून वीज प्लगऐवजी बॉडीत उतरते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप, एचटी वायर आणि कॉइलवर फवाऱ्याच्या बाटलीने पाण्याचा बारीक तुषार मारा. चिर असेल तिथे निळसर ठिणगी नाचताना दिसते. हात लांब ठेवा. बाइकमध्ये प्लग कॅपचे रबर कडक झालेले असते किंवा वायर कॅपमध्ये सैल असते. कॅप वायरवर स्क्रूसारखी बसत असेल तर ती फिरवून काढा, वायरचे काळे पडलेले पाव इंच टोक कापा, परत बसवा. हेडमधल्या प्लगच्या खोबणीला पाणी जायला एक बारीक भोक असते, ते चिखलाने बुजले की पाणी तिथेच राहते. तारेने मोकळे करा.

प्रेशर वॉशने धुतल्यावर लगेच सुरू झालेले मिसिंग याच जातीचे. उंदराने कुरतडलेली वायरही पावसातच त्रास देऊ लागते, तेव्हा संपूर्ण वायर हाताने चाचपून बघा.

१९. प्लग हेडला टेकवून ठिणगी बघितली, छान निळी आहे. म्हणजे प्लग चांगला ना?

उघड्या हवेत पडलेली ठिणगी दाबाखाली पडेलच असे नाही. ठिणगी नाहीच, तर इग्निशन दोषी हे नक्की. ठिणगी आहे म्हणून प्लग निर्दोष हे नक्की नाही. चाचणी करायचीच तर जास्तीचा दुसरा प्लग कॅपमध्ये लावा, मूळ प्लग जागेवरच राहू द्या. उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी ठिणगी असते. प्लगची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकलेली हवी. वायर मोकळी ठेवून किक मारली तर सीडीआय (बाइकमधला ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा कॉइल जाऊ शकते.

२०. पल्सरचा प्लग बदलला, तरी फरक नाही.

दोन्ही बदलले का? डीटीएस-आय इंजिनात दोन प्लग असतात आणि एनएस२०० मध्ये तर तीन. समोर दिसणारा बदलला जातो, दुसरा वर्षानुवर्षे तसाच. हाच प्रकार होंडा सिटीच्या २००३ च्या आय-डीएसआय मॉडेलमध्ये: चार सिलिंडर, पण प्लग आठ, आणि त्यातले चार अडचणीच्या जागी. असे प्लग नेहमी संचानेच बदला.

२१. चारपैकी दोनच प्लग जास्त झिजलेत, तेही वेगळ्याच बाजूने. हे कसे?

एका कॉइलवर दोन प्लग असलेल्या गाड्यांत ठिणगी एका प्लगमध्ये मधून बाहेर आणि दुसऱ्यात बाहेरून मध्ये उडते. त्यामुळे दोन प्लगचा मधला इलेक्ट्रोड झिजतो, उरलेल्या दोघांचा बाहेरचा. दोष नाही. म्हणूनच अशा इंजिनांना दोन्ही टोकांवर प्लॅटिनम असलेला प्लग देतात. जुने प्लग परत लावत असाल तर ज्याचा त्याच सिलिंडरमध्ये लावा.

२२. टू-स्ट्रोक गाडीचा प्लग सारखा काळा होतो.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबत जळते, त्यामुळे थोडा ओलसर काळेपणा गृहीतच आहे. मिश्रणाची गाडी असेल तर लिटरला २० मिली टूटी (टू-स्ट्रोकचे) ऑइल मापाने मोजून घाला; “थोडे जास्त बरे” म्हणून ओतलेले ऑइलच गॅपमध्ये काजळीचा पूल बांधते. ऑइल पंप असलेल्या गाडीत पंपाची केबल खुणेवर आहे का बघा. जोडीला एक नवा प्लग डिकीत ठेवा.

२३. गाडी दोन-तीन महिने उभी होती. आता सुरू होते, पण मिसिंग जात नाही. प्लग नवा घातला.

पेट्रोल बघा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी गेले, तर ठरावीक प्रमाणानंतर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातून ओढतो. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचे पेट्रोल घेऊन अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजे पेट्रोल ओतून ते बरे होत नाही. कार्बोरेटरची गाडी असेल तर बाउलचा ड्रेन स्क्रूही सोडा.

२४. नकली प्लग कसा ओळखायचा?

आट्यांवर हात फिरवा. असलीचे आटे गुळगुळीत आणि एकसारखे असतात. वॉशर सहज गळून पडू नये. चिनीमातीवरची छपाई नखाने खरवडून निघू नये. बाहेरचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर वर असावा, तिरपा नसावा. पक्के बिल देणाऱ्या, कंपनीच्या अधिकृत दुकानातून घ्या. नेहमीच्या निम्म्या किमतीत इरिडियम मिळत असेल तर तो इरिडियम नाही.

२५. नवा प्लग, नवी कॉइल, चांगले पेट्रोल. तरी मिसिंग. पुढे काय?

आधी कालचेच काम तपासा: कॅप पूर्ण बसली का, कॉइलचा कनेक्टर ‘टक्’ वाजला का, दोन वायरींची अदलाबदल झाली का, नवा प्लग हातातून पडला होता का. काम केल्यावर लगेच आलेले मिसिंग बहुधा यातच सापडते.

तिथे काही नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. गेज प्लगच्या भोकात लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंधन आणि इग्निशन बंद करून स्टार्टर फिरवायचा. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास हवेत. एक बराच कमी असेल तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि हाच परिणाम दिसतो. सीएनजीवर खूप चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजून असे होते, तेव्हा हेड उघडण्याआधी टॅपेटचा गॅप मोजायला सांगा. गॅरेजला जाताना जुने प्लग सिलिंडरच्या नंबरासह सोबत न्या, आणि मिसिंग थंड असताना होते की गरम, आयडलला की लोडवर, पेट्रोलवर की सीएनजीवर, हे कागदावर लिहून द्या.